संसार आणि व्यवहार : परदेशची शाळा सोडतांना

घरांतील मुलगा किंवा सून परदेशीं नोकरीस निघाली, कीं पासपोर्टापासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सर्व गोष्टींचा विचार होतो. मात्र ती नोकरी केव्हां तरी सोडावी लागेल आणि त्या वेळीं पदरीं काय पडेल, हा विषय निघतांना काढणें आपल्याकडे अशुभ वाटतें. शिक्षकाच्या बाबतींत आणखी एक संकोच आड येतो. विद्यादान करणाऱ्यानें पैशाची भाषा बोलूं नये, हा संस्कार आपल्या घरांतून अजून गेलेला नाहीं. आमच्या मतें हा संकोच अस्थानीं आहे. करार समजून घेणें म्हणजे लोभ नव्हे. दोन्ही पक्षांनीं दिलेला शब्द पाळला जावा, एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक देशाचा कायदा निराळा. म्हणून आज आम्ही संयुक्त अरब अमिरातीचेंच उदाहरण घेतों. तेथील खाजगी नोकऱ्यांस पूर्वीं १९८० चा कायदा लागू होता. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून अंमलांत आला. तरीही जुन्या कायद्यावरून ऐकलेल्या गोष्टी आजही सल्ला म्हणून एकमेकांस सांगितल्या जातात. त्यांवर विसंबूं नये.

पहिली गोष्ट नोटिशीची. करारांत लिहिली असेल त्याप्रमाणें ही मुदत ३० ते ९० दिवसांची असते, आणि त्या काळांत काम व पगार दोन्ही चालू राहतात. येथेंच घरच्या माणसांचा संबंध येतो. सासूबाई अंथरुणास खिळल्या, कीं इकडून फोन जातो, "असशील तशी निघून ये." ती बिचारी निघून येतेही. पण नोटीस न देतां गेल्यास त्या मुदतीच्या पगाराइतकी भरपाई तिच्याकडे निघते. आणि कारणावांचून कामावरून निघून गेल्याची नोंद झाली, तर एक वर्षपर्यंत तेथें दुसऱ्या नोकरीचा परवाना मिळत नाहीं. वस्तुतः उभय पक्षांच्या संमतीनें ही मुदत कमी करतां येते, किंवा माफही होते. प्रथम रजा मागावी. ती न मिळाल्यास ही सवलत मागावी, आणि मिळालेली संमती लेखी घ्यावी. चार दिवसांच्या धीरानें पुढील वर्षाची वाट मोकळी राहते.

उमेदवारीचा काळ सहा महिन्यांहून अधिक असूं शकत नाहीं. त्या काळांत मायदेशीं परतावयाचें असल्यास १४ दिवसांची, आणि तेथेंच दुसऱ्या शाळेंत जावयाचें असल्यास एक महिन्याची लेखी सूचना द्यावी लागते.

दुसरी गोष्ट सेवासमाप्तीच्या रकमेची, म्हणजे ग्रॅच्युइटीची. एक वर्ष अखंड सेवा झाली, कीं हा हक्क उत्पन्न होतो. पहिल्या पांच वर्षांस दरसाल २१ दिवसांचें आणि पुढील प्रत्येक वर्षास ३० दिवसांचें मूळ वेतन, असा हिशेब आहे. एकूण रक्कम दोन वर्षांच्या वेतनाहून अधिक होत नाहीं. स्वतः राजीनामा दिल्यास ही रक्कम कापली जाते, ही समजूत जुन्या कायद्याची. आतां तशी कपात नाहीं.

यांतील "मूळ वेतन" हे दोन शब्द नीट पाहावे. समजा, दोन शिक्षिकांस दरमहा ६,००० दिऱ्हामच मिळतात. एकीच्या करारांत मूळ वेतन ४,००० व भत्ते २,०००. दुसरीच्या करारांत मूळ वेतन २,००० व भत्ते ४,०००. सहा वर्षांनीं दोघींचे दिवस १३५ च होतात. परंतु पहिलीच्या हातीं १८,००० दिऱ्हाम येतात, दुसरीच्या ९,०००. काम तेंच, वर्गही तेच. फरक केवळ सही करतेवेळीं न वाचलेल्या ओळीचा. म्हणून हा प्रश्न नोकरी सोडतांना नव्हे, धरतांना विचारावयाचा.

शिल्लक पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे व ग्रॅच्युइटी हें सर्व करार संपल्यापासून १४ दिवसांत चुकतें करणें मालकावर बंधनकारक आहे. मागितल्यास सेवेचा दाखला विनामूल्य द्यावा लागतो. पासपोर्ट अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणासही नाहीं. नोकरी लावून दिल्याचा खर्चही शिक्षकाकडून वसूल करतां येत नाहीं. परतीचें भाडें शाळेनें द्यावयाचें असतें. मात्र तेथेंच दुसरी नोकरी धरल्यास, किंवा शिक्षकाच्या दोषानें करार संपल्यास, तें मिळत नाहीं. "सर्व रक्कम पावली" अशा कागदावर पैसे हातीं पडण्यापूर्वीं सही करूं नये.

शाळेनें ऐकलें नाहीं, तर तेथील मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार नोंदवितां येते. ५०,००० दिऱ्हामपर्यंतच्या तंट्यांत १ जानेवारी २०२४ पासून निर्णय देण्याचा अधिकार त्या मंत्रालयासच मिळाला आहे. २०२४ मधील दुरुस्तीनें दाव्याची मुदतही नोकरी संपल्यापासून दोन वर्षें झाली आहे. भांडणाच्या भीतीनें हक्काचा पैसा सोडून येण्याचें त्यामुळें कारण उरत नाहीं. दुबई व अबुधाबी येथील वित्तीय क्षेत्रांचे कायदे मात्र वेगळे आहेत, हें ध्यानांत ठेवावें.

आमच्या वाचकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. मंत्रालयांत नोंदलेल्या कराराची एक प्रत घरच्या कपाटांत, विम्याच्या कागदांशेजारीं ठेवावी. ती घरांतील एका तरी वडीलधाऱ्या माणसानें वाचलेली असावी. मग परदेशीं एकट्या राहणाऱ्या मुलीस "परत ये" म्हणण्यापूर्वीं, "तुझ्या नोटिशीचे दिवस किती?" हा प्रश्न आपोआप विचारला जाईल. तिच्या कष्टांची किंमत घरानें जाणली आहे, हें तिला त्या एका प्रश्नानेंच कळेल.