पहिला बर्फ पडायच्या आत टायर बघा

बफेलोच्या दक्षिणेला टेकड्यांवर दोन-तीन एकर जागा घेऊन राहणारी आपली जी मराठी घरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ऑक्टोबर निम्मा सरला. ईरी सरोवरावरून वारा एकदा फिरला की बर्फ सांगून येत नाही. 2022 च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्कमध्ये एकाच वादळात साडेसहा फुटांवर बर्फ पडला होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दारात लोडरवाला ट्रॅक्टर आहे म्हणून निर्धास्त असाल, तर एकदा बाहेर जाऊन त्याचे टायर बघून या आणि मग पुढचं वाचा.

मी शिरोळकडचा. ट्रॅक्टर मला कुणी शिकवला नाही. उसाच्या फडात रुतलेली ट्रॉली काढताना तो आपोआप आला. भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना तोंड उचलतं, म्हणून पुढच्या बंपरला वजनं लावायची आणि तरी उचललं तर दोन पोरं पुढं बसवायची, हे आमचं शास्त्र. (पोरं बसवणं मूर्खपणाचं होतं, हे आता कळतं.) इथं आल्यावर वाटलं, काळ्या रानातल्या चिखलातून निघालेल्या माणसाला बर्फाचं काय? पहिल्याच हिवाळ्यात ट्रॅक्टर उतारावरून कडेनं घसरत खाली गेला आणि टपालपेटीचा खांब घेऊन थांबला. बकेट भरलेली, मागं काही नाही, आणि मी ब्रेकवर उभा. चूक सगळी माझीच होती.

चिखलात टायरची उंच, जाड नक्षी खाली जाऊन कठीण जमीन गाठते आणि फिरता फिरता अंगावरचा चिखल झटकून टाकते. दाबल्या गेलेल्या बर्फावर खाली जायला जागाच नसते. तिथं पकड मिळते ती रबराच्या कडांमुळे, आणि नक्षीत अडकलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो त्यामुळे. म्हणून बारीक बारीक ठोकळ्यांचा हिरवळीवरचा टायर, ज्याला इथं आर-3 म्हणतात, तो दिसायला नाजूक असूनही बर्फात बरा चालतो. शेतीचा आर-1 भुसभुशीत ताज्या बर्फात ठीक, घट्ट झालेल्यावर फसवा. आणि लोडरसोबत बहुतेकांना मिळतो तो आर-4, मोठ्या ठोकळ्यांचा, कडक रबराचा. तो दगडधोंड्यासाठी उत्तम. बर्फाच्या काचेवर मात्र त्याच्याइतका निरुपयोगी टायर मी पाहिला नाही.

मागच्या महिन्यात पुण्याकडच्या एका तरुण मित्रानं नवा ट्रॅक्टर घेतला. बघायला गेलो तर म्हणाला, "काका, फोर व्हील ड्राइव्ह आहे, टायरांना चेन कशाला लागते?" मी त्याला विचारलं, "ब्रेक किती चाकांना आहे रे?" तो गप्प झाला.

या आकाराच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. आता बकेटमध्ये ओला बर्फ भरा. लोडरचं वजन आणि बर्फाचं वजन, दोन्ही पुढच्या आसाच्याही पुढं लोंबकळतं. पुढचा आस टेकू होतो आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणजे ज्या चाकांना ब्रेक आहे तीच जमिनीला जेमतेम टेकलेली. सपाटीवर हे लक्षात येत नाही, उतारावर पहिल्याच सेकंदाला येतं. म्हणून उतरताना फोर व्हीलचा दांडा लावलेलाच ठेवा. त्यानं पुढची चाकं इंजिनाशी जोडलेली राहतात आणि तीही धरून ठेवतात. खालचा गिअर टाका. क्लच दाबू नका, न्यूट्रल करू नका. डावा-उजवा ब्रेक एकमेकांना जोडणारा खटका लावलेला आहे ना, हे गॅरेजमधून निघतानाच बघा. एकच पेडल दाबलं गेलं तर ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा होतो. आणि बकेट गुडघ्याच्या वर नेऊ नका.

आता वजन. मागच्या लिफ्टला काहीतरी जड लावल्याशिवाय लोडर चालवायचाच नाही, असं ठरवून टाका. मागं स्नोब्लोअर असेल तर तेच वजन. नसेल तर लोखंडी पेटीत काँक्रीट ओतून घ्या. किती किलो हवं, तो आकडा लोडरच्या पुस्तकात असतो. अंदाजानं जाऊ नका.

दुसरं वजन टायरात. आपल्याकडं टायरात पाणी भरतात, पाऊण टायर, व्हॉल्व्ह वरच्या अंगाला ठेवून. मीही इथं तेच केलं, सप्टेंबरात, बागेच्या नळीनं, मोठ्या हौसेनं. जानेवारीत सकाळी ट्रॅक्टर बाहेर काढला तर मागून धप्प, धप्प, धप्प. टायरात खाली बर्फाची भली मोठी लादी झालेली, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला सीट मला उडवत होती. टायर, रिम सगळं पणाला. तेव्हा साधं पाणी इथं चालत नाही. कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण जड असतं, गोठत नाही, पण गळलं की रिम खातं. गाडीच्या रेडिएटरचं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी; कुत्रं-मांजर चाटून मरतं, त्यामुळे नकोच. सगळ्यात बरं म्हणजे बीटाचा रस. साखर काढून उरलेली बीटाची मळी ती, लिटरला 1.3 किलोच्या आसपास भरते, उणे 35 अंशांपर्यंत गोठत नाही आणि लोखंडाला त्रास देत नाही. शंभर लिटर गेली की एका चाकावर जवळपास 130 किलो वाढलं. उसावर वाढलेल्या माणसानं अमेरिकेत येऊन टायरात बीटाची मळी भरावी, याला काय म्हणायचं ते म्हणा. पण ती महाग असते आणि घरी भरता येत नाही, टायरवाल्याला बोलवावं लागतं. त्याची वेळ आत्ताच घ्या.

चेनचं सांगतो, कारण खरा फरक तिथं पडतो. शिडीसारखी, आडव्या पट्ट्यांची चेन सर्वांत स्वस्त असते. आर-1 टायरवर ती घेऊ नका. तिच्या आडव्या पट्ट्या नक्षीच्या मधल्या फटीत जाऊन बसतात आणि चेन लावूनही काही लावलं नाही असं होतं. जाळीसारखी, चौकटी विणलेली चेन घ्या. ती सतत टायरच्या माथ्यावर राहते आणि आडवं घसरणंही रोखते. एकच जोडी परवडत असेल तर मागच्या चाकांना. फक्त पुढं लावली तर उतारावर मागचा भाग पुढच्याला ओलांडून येतो. घेण्याआधी टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये हात घालून बघा. माझा पंजा आडवा जेमतेम जात होता, म्हणून चाक बाहेर काढणारे स्पेसर बसवावे लागले. पुढं लावणार असाल तर स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा, कुठं घासतं का.

चढवायची रीत अशी. ट्रॅक्टर सपाटीवर. चेन टायरवर वरून पसरायची, हुकांची टोकं बाहेरच्या बाजूला, नाहीतर ती रबरात रुततात. मग अर्धा फेरा पुढं घ्यायचा, उतरून आतली बाजू आधी अडकवायची, मग बाहेरची, शक्य तितकी ओढून. दहा मिनिटं चालवायचं आणि पुन्हा उतरून ओढायचं. हे दुसरं ओढणं सगळे टाळतात. चेन मडगार्डवर आपटायला लागते ती त्यामुळेच. हे काम कोरड्या दुपारी करा. उणे 12 मध्ये उघड्या बोटांनी ती कडी लावून दाखवा मला. डांबरी ड्राइव्हवे असेल तर चेनसकट चाक जाग्यावर फिरवू नका, ओरखडे उन्हाळ्यातही दिसतात.

चेन नसतानाही चाक जाग्यावर फिरवू नका. फिरत्या रबराखाली बर्फ वितळतो, लगेच गोठतो आणि तुम्ही स्वतःच्या हातानं आरसा घासून ठेवता. फिरायला लागलं की थांबा, डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबा, सरळ रेषेत हळू काढा, वळायच्या आधी पाय काढा. लॉक लावून वळवला तर ट्रॅक्टर सरळच जाणार.

हवा थंडीत उतरते. सप्टेंबरात 25 अंशांना 20 पीएसआय भरलेला टायर उणे 15 ला साधारण 15 दाखवतो. पुस्तकातल्या आकड्याच्या खाली जाऊ देऊ नका. चेन ढिली पडते आणि टायर रिम सोडू शकतो. ड्राइव्हवेवर टाकायला मिठाचा आग्रह धरू नका, उणे 9-10 च्या खाली साधं मीठ फारसं काम करत नाही. वाळू कुठल्याही थंडीत चालते. उतारावर आडवं जायचं नाही, सरळ वर किंवा सरळ खाली.

एक मात्र कळकळीनं. शेजाऱ्याची गाडी अडकली की आपण टोचन लावायला धावतो. दोरी खालच्या हुकालाच, म्हणजे ड्रॉबारलाच लावा. त्याच्या वर कुठंही बांधली आणि मागं जोर बसला तर ट्रॅक्टर पुढून उचलून पाठीवर येतो, आणि उडी मारायला वेळ मिळत नाही. गॅरेजच्या दारासाठी मागची लोखंडी कमान पाडून ठेवता, ती बाहेर आल्यावर उभी करा आणि बेल्ट लावा.

आणि या शनिवार-रविवारी ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना खुंट्या ठोका, चमकपट्टीच्या, छातीएवढ्या उंच. दोन फूट बर्फाखाली गटार कुठं आणि रस्ता कुठं हे कळत नाही, आणि जमीन एकदा गोठली की खुंटी आत जात नाही. माझ्या कालच झाल्या. टपालपेटीपाशी तीन ठोकल्यात.