पिकअपचा डिझेलखर्च टायरवरही ठरतो

नारायणगावच्या बाजारातले टोमॅटोचे क्रेट असोत की लासलगावला लिलावासाठी निघालेला कांदा, शेतापासून बाजार समितीपर्यंतचा बराच माल आज पिकअपमधून जातो. गाडीचा हप्ता, ड्रायव्हरचा पगार, टोल आणि डिझेल एवढे भागवून जे उरेल तीच मालकाची कमाई, त्यामुळे ‘गाडी अ‍ॅव्हरेज किती देते’ हा या धंद्यातला पहिला प्रश्न असतो. अ‍ॅव्हरेज पडले की संशय आधी इंजिनावर जातो, मग ड्रायव्हरच्या पायावर, मग पंपावरच्या डिझेलवर. टायरवर तो क्वचितच जातो. टायर झिजला की दुकानात जायचे, दणकट आणि रुंद दिसेल तो, भावात बसेल तो बसवून घ्यायचा, अशी सर्वसाधारण रीत आहे. ही रीत मालकाला महागात पडते. पिकअपचा टायर निवडणे म्हणजे पुढची दोन-तीन वर्षे किती डिझेल जाळायचे हे ठरवणे आहे, आणि ज्याला ते ठरवायचे आहे त्याच्या हाती त्यासाठी लागणारी माहितीच दिली जात नाही.

चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. रबर दाबायला जितकी शक्ती लागते तितकी ते परत देत नाही. उरलेली शक्ती उष्णता होऊन वाया जाते, लांब पल्ल्यानंतर टायर हाताला गरम लागतो तो मुख्यतः याचमुळे. हे नुकसान मोजण्याचे माप सोपे आहे: एक टन वजन पुढे ढकलायला किती किलोचा जोर लागतो. पिकअपच्या वर्गातल्या साध्या टायरसाठी नियमाने घातलेली कमाल मर्यादा टनामागे ९ किलो आहे, तर युरोपात याच वर्गात ‘ए’ श्रेणी मिळवायला हा आकडा ५.५ च्या आत असावा लागतो. मालासकट ३ टन भरणाऱ्या गाडीला म्हणजे एका टायरवर सतत २७ किलोचा विरोध, तर दुसऱ्यावर १६.५ किलोच्या आत. दोन्ही टायर नियमात बसतात आणि फळीवर शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, म्हणून मोकळ्या महामार्गावर तो वरचढ ठरतो. पण चाळीस-पन्नासच्या वेगाने, भरल्या मालानिशी तालुक्याच्या रस्त्यावरून जाणाऱ्या पिकअपला टायरचाच विरोध जास्त जाणवतो. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००६ च्या अहवालानुसार प्रवासी गाड्यांत हा विरोध १० टक्क्यांनी घटला तर इंधन १ ते २ टक्के वाचते. आपल्या ओझ्याच्या गाड्यांना हा हिशेब त्याहून कमी लागू होण्याचे कारण दिसत नाही.

आता मापाकडे पाहू. टायरच्या कडेवर २१५/७५ आर १५ असे लिहिलेले असते. याचा अर्थ रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंचांची. हिशेब केला तर चाकाचा व्यास ७०३ मिलिमीटरच्या आसपास येतो. त्याच रिमवर २३५/७५ बसवला की व्यास ७३३ वर जातो, म्हणजे सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. ‘मोठे चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, मग अ‍ॅव्हरेज वाढायला हवे’ हा युक्तिवाद ऐकायला पटतो. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात हे खरेही आहे. पण पिकअपचे गिअर कंपनीने मूळ चाक आणि भरलेला माल धरून बसवलेले असतात. माळशेज किंवा कसारा घाट चढताना मोठ्या चाकामुळे ओढ कमी पडते, ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो आणि वाचलेले तिथेच खर्ची पडते. शिवाय जड चाक दर थांब्यानंतर नव्याने फिरवावे लागते. मीटरचा घोटाळा वेगळाच: गाडी १०४ किलोमीटर गेली तरी तो १०० च दाखवतो. त्यामुळे अ‍ॅव्हरेज आहे त्याहून कमी दिसते आणि काट्यावर ६० दिसत असताना गाडी ६२ च्या पुढे धावत असते. फक्त रुबाबासाठी मोठे टायर चढवण्यात पैशाचा फायदा कुठेच नाही.

नक्षी आणि बांधणीचेही तसेच आहे. चिखलात पकड घेणारी खोल खाचांची लग नक्षी डांबरी रस्त्यावर जास्त दबते आणि जास्त शक्ती खाते. सरळ पट्ट्यांची रिब नक्षी हलकी चालते. नायलॉन टायरपेक्षा रेडियल सहसा कमी तापतो. यावर मालकांचे उत्तर ठरलेले आहे: आमचे रस्ते खराब, माल जास्त, नायलॉनची कड दम धरते. ज्याची गाडी रोज खडीच्या खाणीत किंवा उसाच्या फडात उतरते त्याच्या बाबतीत हे बरोबर आहे, त्याने दणकट टायरच घ्यावा. पण जिची बहुतेक धाव डांबरावर आहे तिच्यावर खाणीचा टायर चढवणे म्हणजे वर्षातल्या मोजक्या दिवसांसाठी रोज डिझेल जाळणे. आणि क्षमतेपेक्षा जास्त माल भरण्यावर टायर हा उपाय नव्हे. ब्रेक आणि अ‍ॅक्सल त्या ओझ्यासाठी बनलेलेच नसतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कमी विरोधाचा टायर पावसात घसरेल, ही भीती. पूर्वी ती रास्त होती. १९९० च्या दशकापासून रबरात काजळीच्या जागी काही प्रमाणात सिलिका वापरली जाऊ लागली आणि ओली पकड न गमावता विरोध कमी करणे शक्य झाले. तरीही प्रत्येक टायर दोन्हींत चांगला असतोच असे नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी पाहूनच निवड व्हावी, आणि घाटात पावसाळाभर चालणाऱ्या गाडीने पकडीलाच आधी मान द्यावा. तिसरी तक्रार अशी की नवे टायर टाकले आणि अ‍ॅव्हरेज उलट पडले. ते अपेक्षितच असते. झिजलेल्या टायरवर रबर कमी म्हणून विरोध कमी, आणि व्यास घटल्याने मीटर थोडे जास्त अंतर दाखवतो. जुन्या गुळगुळीत टायरशी नव्याची तुलना करून निष्कर्ष काढू नये, तसेच त्या बचतीपायी टायर गुळगुळीत होईपर्यंतही वापरू नये.

खर्च न करता हाती येणारी बचत हवेत आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार चारही टायरांत हवा सरासरी १ पीएसआय कमी असली तर इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागते. १० पीएसआयची तूट म्हणजे २ टक्के. हवा सकाळी टायर थंड असताना तपासावी. धावून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली, तर थंड झाल्यावर ती कमीच पडणार. टायर, माप आणि हवा मिळून ५ टक्के फरक पडला असे धरू. महिन्याला ३,००० किलोमीटर आणि लिटरला १२ चे अ‍ॅव्हरेज असेल तर वर्षाला १५० लिटर डिझेल वाचते. ९० रुपये भावाने ते १३,५०० रुपये होतात. एका गाडीवर पोट असलेल्या माणसाला ही रक्कम लहान नाही.

हवा आणि माप मालकाच्या हातात आहे, टायरचा गुण मात्र त्याला डोळ्यांनी दिसत नाही. केंद्राने २०२२ मध्ये टायरचा विरोध, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा अधिसूचित केल्या. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने टायरसाठी तारांकनही आणले, पण ऐच्छिक स्वरूपात. मर्यादेमुळे सर्वांत वाईट टायर बाजाराबाहेर जातो, चांगला आणि बरा यांतला फरक मात्र ग्राहकापर्यंत पोचत नाही. एसी घेताना तारे दाखवण्याची सक्ती आहे. मग रोज डिझेल जाळून पोट भरणाऱ्याच्या टायरवर ती का नको? पिकअपच्या प्रत्येक नव्या टायरवर इंधन आणि ओली पकड यांची श्रेणी छापणे बंधनकारक करावे आणि दुकानदाराने ती विक्रीआधी दाखवावी. त्यासाठी सरकारला अनुदान द्यावे लागणार नाही. चाचणी कंपन्यांना करावीच लागते. तिचा निकाल ग्राहकाला दाखवला, तर भावाच्या जोडीने डिझेलचा हिशेबही तो दुकानातच करू शकेल.