‘एवढं जरा करून द्या’



सभासद-नोंदणी आणि कार्यक्रमांची तिकीटविक्री यांसाठी बाहेरच्या कंपनीकडून सॉफ्टवेअर करून घ्यायचं, असं कार्यकारिणीने ठरवलं आहे. करार येत्या सर्वसाधारण सभेत मंजुरीला येईल. रक्कम आपल्या दोन दिवाळी कार्यक्रमांच्या खर्चाएवढी आहे. तेव्हा या वेळी रसायनशास्त्राला सुट्टी देऊन करारावरच लिहितो. आपल्यातली निम्मी मंडळी सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांना मी काय शिकवणार? पण ती रोज टेबलाच्या पलीकडे, म्हणजे काम घेणाऱ्याच्या बाजूला बसतात. आपण या वेळी अलीकडे आहोत आणि अलीकडची खुर्ची निराळी असते.

या खुर्चीतला सगळ्यात गाजलेला घोटाळा इथलाच. १ ऑक्टोबर २०१३ रोजी सरकारने आरोग्यविम्याची हेल्थकेअर डॉट गव्ह ही वेबसाइट ३६ राज्यांसाठी उघडली आणि पहिल्या दिवशी तिच्यावरून विमा घेऊ शकले सहा जण. त्यावर विनोद पुष्कळ झाले. पुढच्या वर्षी काँग्रेसच्या हिशेबतपासणी खात्याने कंत्राटांची छाननी करून जो अहवाल दिला, तो मात्र फारसा कोणी वाचला नाही. मुख्य भाग बांधायचं काम सीजीआय फेडरल या कंपनीला सप्टेंबर २०११ मध्ये दिलं, तेव्हा रक्कम होती ५ कोटी ६० लाख डॉलर. फेब्रुवारी २०१४ पर्यंत ती २० कोटी ९० लाखांच्या वर गेली. कारण सरळ आहे. नक्की काय बांधायचं हे काम देताना ठरलेलंच नव्हतं, आणि करार ‘खर्च होईल तेवढा देऊ, वर ठरावीक मेहनताना’ असा होता. घराचा नकाशा तयार नसताना गवंड्याला रोजावर लावलं तर दुसरं काय होणार?

त्यातही मला सगळ्यात बोलकी वाटली ती एक बारीक नोंद. कंत्राटदाराला जादा काम सांगायचा अधिकार सरकारी खात्यात फक्त कंत्राट-अधिकाऱ्याला असतो. इथे सुमारे चाळीस वेळा असं घडलं, की हा अधिकार नसलेल्या कर्मचाऱ्यांनी परस्पर कामं सांगितली आणि कंपनीने ती केली. त्याची किंमत ३ कोटी डॉलरच्या वर. यात चोरी कोणाचीच नव्हती. काम लवकर व्हावं अशीच सगळ्यांची इच्छा असणार.

आता आपल्या मंडळाचं चित्र डोळ्यांसमोर आणा. सांस्कृतिक समिती फोन करून सांगणार, तिकिटातच शाकाहारी, जैन आणि मुलांचा पिझ्झा असे पर्याय हवेत. मराठी शाळा म्हणणार, आमची फीसुद्धा त्यातच घ्या. माजी अध्यक्षांना आजीव सभासदांसाठी वेगळा रंग हवा असणार. प्रत्येकाचं म्हणणं रास्त, आणि प्रत्येकाचं वाक्य एकच: ‘एवढं जरा करून द्या.’ कंपनी नाही म्हणणार नाही, का म्हणेल? बिल खजिनदारांकडे येईल. म्हणून करारात एकाच माणसाचं नाव हवं. त्याने लेखी सांगितलेला आणि किंमत ठरवून घेतलेला बदल तेवढाच बदल. बाकीच्यांच्या सूचनांचे पैसे मंडळ देणार नाही, हेही स्पष्ट लिहायला हवं. हा माणूस अध्यक्षच असायला पाहिजे असं नाही. किंबहुना नसलेलाच बरा, कारण अध्यक्षांना कोणाचं मन मोडता येत नाही.

पैशांचं थोडक्यात सांगतो. सभासद-नोंदणीत काय हवं ते आपल्याला ठाऊक आहे, तिथे ठरीव रक्कम घ्यावी. तिकीटविक्रीचं अजून पक्कं नाही, तिथे तासावर काम द्यायला हरकत नाही, पण कमाल मर्यादा आकड्यात हवी. शेवटचा हप्ता दिवाळीचा कार्यक्रम पार पडल्यावरच द्यावा. काम बिघडल्यावर पैसे परत मिळवणं किती अवघड असतं, तेही त्या अहवालात आहे. सरकारने सीजीआयच्या मेहनतान्यातून नाकारलेली रक्कम होती सुमारे २ लाख ६७ हजार डॉलर, म्हणजे दिलेल्या मेहनतान्याच्या जेमतेम दोन टक्के.

तपासणीची गोष्ट माझ्या धंद्याजवळची आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो. त्या वेबसाइटचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या कंपन्यांनी केले होते. सगळे एकत्र जोडून अथपासून इतिपर्यंत चाचणी झाली ती उद्घाटनाआधीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत. ‘आमचा भाग चालत होता’ हे प्रत्येकाला म्हणता आलं, कारण जोडणीची जबाबदारी सरकारी खात्याने स्वतःकडे ठेवली होती. प्रयोगशाळा बाहेर नमुने तपासायला पाठवतात, तेव्हा त्यात गुपचूप एक असा नमुना घालतात, ज्याचं उत्तर आधीच पक्कं माहीत असतं. बाटली तशीच, क्रमांकही तसाच. त्याचं उत्तर चुकलं तर बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. आपल्याकडेही असा नमुना तयार आहे. गेल्या वर्षीच्या गणपतीच्या तिकिटांचा खजिनदारांनी डॉलरपर्यंत जुळवलेला हिशेब. नावं बदलून ती सगळी विक्री नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरायची, रद्द झालेली तिकिटं आणि परत केलेले पैसे यांच्यासकट. बेरीज जुळली तर काम झालं, नाही जुळली तर हप्ता थांबला. कंपनीने स्वतःच्या लॅपटॉपवर दाखवलेलं प्रात्यक्षिक म्हणजे चाचणी नव्हे.

राहिला मालकीचा प्रश्न. पैसे आपण दिले म्हणजे प्रोग्राम आपला झाला, असं आपण धरून चालतो. इथला कायदा तसं म्हणत नाही. वॉशिंग्टनमध्ये बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने शिल्पकाराकडून पुतळे करून घेतले आणि हक्कावरून वाद झाला. १९८९ मध्ये तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. शिल्पकार संस्थेचा नोकर नव्हता, त्यामुळे केवळ काम करवून घेतलं म्हणून कॉपीराइट आपोआप संस्थेचा होत नाही, असं कोर्टाने ठरवलं. बाहेरच्या माणसाने लिहिलेल्या प्रोग्रामलाही हेच लागू पडतं. हक्क मंडळाकडे यायचे असतील तर तसं लेखी, सहीनिशी हवं. शिवाय वेबसाइटचं नाव मंडळाच्याच नावावर नोंदलेलं हवं, पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे हवेत आणि सभासदांची यादी कधीही साध्या तक्त्यात काढून घेता आली पाहिजे. नाहीतर उद्या कंपनीशी पटलं नाही, तर आपलीच यादी आपल्याला विकत घ्यावी लागेल.

कार्यकारिणीने दाखवलेल्या मसुद्यात चाचणीचं कलम आहे, पण दोनच ओळींचं. मालकीचं कलम मला सापडलं नाही. मसुद्याच्या प्रती दर रविवारी मराठी शाळेत, दाराजवळच्या टेबलावर ठेवलेल्या असतात. सभेला येण्याआधी एक उचला आणि शंका असतील त्या कार्यवाहांना लेखी द्या.