काट्याआधी पट्टी नाही

हिंगोलीच्या हळदबाजारात माल उतरल्यापासून शेतकऱ्याच्या हाती रक्कम पडेपर्यंत जो क्रम चालतो, तो कोणी पाठ करवून घेतलेला नसला तरी सर्वांच्या अंगवळणी पडलेला असतो: आधी लिलाव, मग सौदा, सौद्यानंतर काटा, काट्यानंतर पट्टी आणि पट्टीनंतर पैसे. काट्याआधी पट्टी करू पाहणाऱ्यास मापाडीच हटकील. परंतु ‘आधी पैसे’ म्हणणारा आडत्या आणि ‘आधी काटा’ म्हणणारा खरेदीदार परस्परांची वाट पाहत बसले, तर कोणाचीही लबाडी नसताना हळद जागच्या जागी पडून राहील.

याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळ्याच्या परिसरात, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजांतील आरसे स्थिर राखण्यासाठी अनेक संगणक-कार्यक्रमांनी एकाच वेळी परस्परांशी निरोपांची देवघेव करावी लागते. अमेरिकेतील वेधशाळांत ही पायरी-पायरीची व्यवस्था ‘गार्डियन’ नामक प्रणाली सांभाळते. ती पायथन भाषेत लिहिलेली आहे, आणि ही भाषा मूल्यांचे प्रकार कार्यक्रम चालू असताना तपासते, त्याआधी नव्हे.

संख्येच्या जागी संख्या व अक्षराच्या जागी अक्षर आहे की नाही, हे कार्यक्रम चालण्यापूर्वी पारखणारी प्रकारपद्धती अनेक भाषांत रुळली आहे. जपानी संशोधक कोहेई होंडा यांनी १९९३ साली तिच्या कक्षेत संभाषणाचा क्रमही आणला. एकाने प्रथम संख्या पाठवावी, नंतर होकार वा नकार घ्यावा, होकार आल्यासच पुढे जावे, असा करार प्रकार म्हणूनच लिहिला, की दुसऱ्या पक्षाचा करार आपोआप ठरतो. एकाच्या खतावणीत जे नावे पडते, ते दुसऱ्याच्या खतावणीत जमा होते, तसाच हा हिशेब. होंडा, नोबुको योशिदा व मार्को कार्बोने यांनी २००८ साली हाच विचार अनेक पक्षांपर्यंत नेला: सर्वांचा मिळून एक मसुदा लिहावयाचा, त्यातून प्रत्येकाच्या वाट्याचे कलम काढावयाचे आणि प्रत्येकाचा कार्यक्रम त्याच्या कलमाशी रुजू घालावयाचा. रुजुवात पटली, की त्या एका संभाषणापुरती आडत्या-खरेदीदारांसारखी कोंडी उद्भवत नाही.

माझे म्हणणे इतकेच, की सार्वजनिक खजिन्यातून उभ्या राहणाऱ्या अशा प्रकल्पाच्या करारनाम्यात हा मसुदा यंत्राने तपासता येईल अशा रूपात मागितला जावा. वहिवाट माणसांच्या डोक्यात असते, आणि माणसांच्या बदल्या होतात; जाणत्याची बदली झाली, की दोन कार्यक्रमांमध्ये आधी कोणी बोलावयाचे, याचे ज्ञानही त्याच्या सामानाबरोबर परगावी जाते.

यावर आक्षेप आहेत, आणि ते वाजवी आहेत. अनुभवाने घासून-पुसून सिद्ध झालेली प्रणाली केवळ तत्त्वनिष्ठेपायी मोडून नव्याने लिहिणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय काट्यावरचे वजनच खोटे असेल, उत्तर फार उशिरा येईल, किंवा एक कार्यक्रम एकाच वेळी अनेक संभाषणांत गुंतला असेल, तर या मूळ पद्धतीचा दाखला पुरेसा पडत नाही. म्हणून जुने जपावे, नव्या भागांपासून आरंभ करावा, आणि जुन्या कार्यक्रमांवर त्याच मसुद्यावरून तयार केलेला पहारेकरी बसवावा, जो चालत्या संभाषणातील क्रमभंग तत्क्षणी दाखवून देईल. असा मसुदा कसा लिहावा व वाचावा, याचे शिक्षण मराठवाड्यातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांस मिळाले, तर वेधशाळेचे कामही जिल्ह्याला केवळ कुंपणाबाहेरून पाहावे लागणार नाही.

बाजारात क्रम चुकला तर मापाडी हात वर करतो आणि चार शब्दांत तंटा मिटतो. यंत्रांच्या संभाषणात मात्र एक निमिष सरण्यापूर्वी शेकडो निरोप येऊन गेलेले असतात आणि काट्यापाशी कोणीही उभे नसते. मापाड्याची ती नजर कामास आरंभ होण्यापूर्वीच मसुद्यात उतरलेली असावी लागते.