बाळंतपणानंतर ‘दुखायचंच’ असं म्हणू नका

“डॉक्टर, बाळंतपणानंतर एवढं दुखायचंच. आम्ही नाही का सोसलं?”

नरसी नामदेवहून सुनेला घेऊन आलेल्या सासूबाई म्हणाल्या. बाळ चार महिन्यांचं. सुनेचं ओटीपोट जड, मांडी घालून बसलं की खाली ठणका, खोकलं की थेंबभर लघवी. आणि पुढच्या आठवड्यात हळद काढणीला जायचं होतं.

सासूबाईंनी सोसलं, हे खरं. पण सगळ्यांनी सोसलं म्हणून दुखणं नॉर्मल ठरत नाही.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली निष्कर्ष छापून आले: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, पण पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के! दुखणं घरोघरी होतं. तपासणी नव्हती.

प्रसूतीत ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणतात, कधी फाटतात. कंबरेचे सांधे सैल झालेले असतात. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे दुखणं समजू शकतं. सव्वा महिना उलटला तरी दुखतंय? मग कारण शोधायलाच हवं. जंतुसंसर्ग, टाक्यांची जखम, सैल किंवा आखडलेले स्नायू, अंग खाली उतरणं, सांध्यांचं दुखणं. प्रत्येकाचा उपचार वेगळा. सैल स्नायूंना आवळण्या-सोडण्याचा व्यायाम लागतो. आखडलेल्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं. पोट घट्ट बांधून किंवा शेक घेऊन हे स्नायू बळकट होत नाहीत.

न तपासता अंगावर काढलं तर पुढे काय होतं? २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आधी ‘सोस’, मग ‘पिशवीच काढून टाक’. या दोन्हींच्या मधली साधी तपासणी कुठे गेली? दुखणं आपण लपवतो आणि आम्ही डॉक्टर विचारत नाही. दोष दोघांचाही.

आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात. बाळाचं वजन झालं की त्यांना तुमचंही दुखणं सांगा. ४२ दिवसांनंतर कुणी येण्याची वाट पाहू नका, स्वतः दवाखान्यात जा. लाज वाटत असेल तर एवढंच म्हणा: “खाली दुखतं, तपासा.”

ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, जास्त रक्तस्राव, लघवी अडणं किंवा एका पायाला सूज असेल, तर मात्र त्याच दिवशी जा.

आणि सासूबाई, तुमचंही अजून दुखत असेल, तर सुनेसोबत तुम्हीही तपासून घ्या. हळद आठ दिवस थांबेल.