पक्षपाती निवेदकाची कैफियत

खेळाचें वर्णन करणाऱ्या रेडिओ-निवेदकानें न्यायाधीशाप्रमाणें निःपक्षपाती असावें, हें मत इतक्या वेळां उच्चारलें जातें कीं तें आतां सिद्धांतच होऊन बसलें आहे. आम्हांस तें मुळींच मान्य नाहीं. निदान महाविद्यालयीन खेळांच्या बाबतींत तरी नाहीं. आणि आमचा साक्षी अमेरिकेंतील लॅरी मन्सन.

या गृहस्थांनीं १९६६ पासून २००८ पर्यंत जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉलचें वर्णन केलें. (हा अमेरिकन फुटबॉल, त्यांत चेंडू हातांत घेऊन धावतात.) जन्म दूर उत्तरेकडील मिनिआपोलिसचा, तरी जॉर्जियाच्या संघास ते सरळ 'आम्ही' म्हणत. टीकाकारांचा सारा रोष या एका शब्दावर! पण ऐकणारा कोण होता? विद्यापीठ सोडून वीस-वीस वर्षें झालेला, परगांवीं संसार थाटलेला जॉर्जियाचाच माणूस. त्याच्यापुढें तटस्थ निवेदक बसविणें म्हणजे घरच्या आजाऱ्याची खबर विचारणाऱ्यास इस्पितळांतील तापाचा तक्ता वाचून दाखविणें होय.

पक्षपातानें सत्याचा अपलाप होतो म्हणावें, तर मन्सन यांचा पक्षपात खुशामतीचा नव्हताच. तो भीतीचा होता. प्रतिपक्ष किती बलाढ्य आहे, वेळ किती थोडा उरला आहे, हें ते धास्तावलेल्या, घोगऱ्या आवाजांत सांगत राहत. ८ नोव्हेंबर १९८० रोजीं जॅक्सनव्हिल येथें फ्लोरिडाविरुद्ध जॉर्जिया एका गुणानें मागें होता आणि वेळ संपत आलेला. इतक्यांत बक बेल्यूनें फेंकलेला चेंडू झेलून लिंडसे स्कॉट मैदानाच्या पार टोकापर्यंत धांवला. एका डावांत ९३ यार्ड! जॉर्जियानें २६–२१ असा सामना जिंकला, आणि त्या वर्षीं एकही सामना न हरतां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें. त्या धांवेच्या भरांत मन्सन यांनीं आपली लोखंडी खुर्ची मोडली, आणि तीही गोष्ट तिथल्या तिथें श्रोत्यांस सांगून टाकली. आपल्या पक्षपाताचा पुरावा स्वतःच नोंदविणारा हा साक्षीदार लबाड कसा ठरतो?

दोन राष्ट्रांच्या सामन्यांत ही भाषा शोभणार नाहीं, हें आम्ही मान्य करतों. तेथें श्रोते दोन्ही बाजूंचे असतात. परंतु जॉर्जियांत दूरचित्रवाणी घरोघर आल्यावरही पुष्कळ लोक तिचा आवाज बंद करीत आणि शेजारीं मन्सन यांचा रेडिओ लावीत. निःपक्षपाती निवेदक तर त्याच पेटींत, बटण फिरविण्याच्या अंतरावर बसला होता!