घाटातली राइड परतीच्या वेळेपासून आखा

पावसाने उघडीप दिली की शहरातल्या बायकर ग्रुपांवर शनिवारी रात्री एकच प्रश्न फिरतो : उद्या किती वाजता निघायचे? कुणी पाच म्हणतो, कुणी साडेपाच, आणि गारखेड्याच्या सूतगिरणी चौकातून गाड्या हलतात त्या सात-साडेसातला. परत किती वाजता यायचे, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते राइडचे नियोजन त्याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवे. सूर्य मावळेल तेव्हा आपण कुठे असू हे आधी ठरवायचे आणि तिथून घड्याळाचे काटे मागे नेत सकाळपर्यंत यायचे.

सल्ला घरातल्या मोठ्या माणसांचा वाटेल. पण त्यामागे काळजीपेक्षा भूगोल जास्त आहे.

आपल्याकडे घाट उलटा का?

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर, पठारावर वसले आहे. उत्तरेला सातमाळा-अजिंठा डोंगररांग आहे. ही रांग आपल्या बाजूने हळूहळू चढते. कन्नड किंवा सिल्लोडकडे जाताना आपण डोंगराकडे चाललो आहोत हे फारसे जाणवतही नाही. मग एका वळणावर जमीन संपते आणि खाली खानदेश दिसतो. औट्रम घाटाखालचे चाळीसगाव साधारण ३४० मीटरवर आहे. म्हणजे शहरातून निघणाऱ्याला सकाळी घाट उतरायचा असतो आणि संध्याकाळी, पाठ आणि मनगटे दुखत असताना, तोच किंवा दुसरा घाट चढायचा असतो. दौलताबाद आणि म्हैसमाळला याच्या उलट, जाताना चढ. म्हैसमाळ तर १,०६७ मीटरवर आहे. आपली बहुतेक मंडळी पहिल्यांदा घाट शिकतात ते तिथे. चढताना चुकले तर गाडी थांबते. उतरताना चुकले तर ती थांबत नाही.

उतारावर नेमके काय होते, ते एका साध्या गणितात पाहू. गाडी, दोघे जण आणि बॅगा मिळून ३०० किलो धरा. घाटात उंची अडीचशे मीटरने कमी झाली, तर सुमारे ७३५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. सव्वादोन लिटर पाणी उकळायला लागते तेवढी ही उष्णता. थोडी हवेला जाते. उरलेली कुठे पाठवायची हे तुमच्या हातात आहे : इंजिनात की ब्रेकमध्ये. क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये ‘पेट्रोल वाचवत’ उतरणारा ती सगळी ब्रेकच्या पॅडमध्ये ओततो. मग शेवटच्या दोन वळणांवर लिव्हर ढिला लागतो. ज्या गिअरमध्ये हा घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा ट्रकवाल्यांचा जुना नियम मोटरसायकललाही तितकाच लागू आहे. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते आणि त्यामुळे लवकर उकळते. दोन वर्षे ते बदलले नसेल तर राइडच्या आधीच्या आठवड्यात मेकॅनिककडे जा.

फोनचे तास, रस्त्याचे तास

आता खरा मार्ग घेऊ. फुलंब्री, सिल्लोड, तिथून उंडणगाव, हळदा, वेताळवाडीचा घाट उतरून सोयगाव, मग फर्दापूर आणि अजिंठ्याचा घाट चढून परत. मला विचाराल तर जिल्ह्यातला हा सर्वात देखणा आडमार्ग आहे. हळद्याच्या पुढे रस्ता वाकडा होतो आणि वेताळवाडी किल्ल्याची तटबंदी एकदम अंगावर येते. तिकीट नाही, रांग नाही. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास. ऐकायला सोपे वाटते, कारण डोक्यात महामार्गाचा वेग असतो.

आडवाटेला मी ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त धरत नाही. त्यात फोटो, बैलगाडीमागचे पाच मिनिटांचे चालणे, रस्ता विचारणे हे सगळे आले. त्या हिशेबाने उलटे मोजू. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो. जुलैत सातनंतर. डिसेंबरात अंधार पडताना सिल्लोडच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यावर असायचे असेल तर फर्दापूर चारला सोडावे लागेल. म्हणजे वेताळवाडी अडीचला. किल्ल्याला दोन तास दिले तर साडेबाराला पायथ्याशी पोहोचायला हवे. शहर साडेसहाला सोडले तर नाश्ता, चहा, एखादे पंक्चर धरूनही हे जमते. साडेआठला सोडले तर कुठेतरी काहीतरी कापावे लागते, आणि प्रत्यक्षात कापला जातो तो उजेड.

म्हणून प्रत्येक राइडला एक ‘कट-ऑफ’ हवा. साडेबारापर्यंत वेताळवाडीला पोहोचलो नाही, तर किल्ला आज नाही. हे वाक्य आदल्या रात्री ग्रुपवर लिहून टाकावे. जागेवर, समोर तटबंदी दिसत असताना, असा निर्णय कुणीही घेत नाही.

फोनवरचा नकाशा यात मदत करतो, पण त्याला त्याच्या मर्यादेत वापरायला हवे. तो वेळ काढतो ती बरीचशी त्या रस्त्यावरून गेलेल्या इतर फोनांच्या हालचालीवरून. जिथे दिवसातून चार फोन जातात तिथला अंदाज कच्चाच असणार. दुचाकीचा पर्याय निवडला की तो एखाद्या पाणंद रस्त्यावरही घालतो. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईच्या ट्रेकला निघालेली एक मोटार रात्री अकोले तालुक्यात नकाशा पाहत थेट धरणाच्या पाण्यात गेली. कोतूळजवळचा तो पूल पाण्याखाली होता. एकाचा जीव गेला. नकाशावरची रेघ तिथे होती, रस्ताही होता. फक्त त्यावर पाणी आहे हे नकाशाला माहीत नव्हते.

उताराचा अंदाज घ्यायचा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे पाहा. २०१७ पासून ते ऑनलाइन विनामूल्य मिळतात. त्यावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते. रस्त्याची रेघ जिथे या रेषांच्या दाट जुडग्याला छेदते तिथे घाट आहे, एवढे कळले तरी पुरे.

बाकीचे गावात विचारा. पण प्रश्न नीट विचारा. ‘पुढे रस्ता आहे का?’ याला उत्तर नेहमी ‘हाये ना’ असेच येते, कारण त्यांची बैलगाडी तिथून जाते. ‘एसटी जाते का?’ असे विचारा. एसटी जात असेल तर तुम्हीही जाल. दुसरा प्रश्न : ओढ्यावर पूल आहे की फरशी? फरशी असेल आणि डोंगरात पाऊस दिसत असेल तर तिथूनच वळा. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले तरी मोटरसायकल आडवी करते.

दगडाचा रंग आणि मक्याचे दाणे

रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगडही बोलतात. पिवळा माथा म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य महामार्ग, केशरी म्हणजे ग्रामीण रस्ता. केशरी दगड सुरू झाले की डांबराची रुंदी बहुधा पावणेचार मीटर किंवा त्याहूनही कमी असते. समोरून जीप आली तर एकाने डांबर सोडायचेच, आणि तो एक तुम्हीच असता. साइडपट्टीवर मुरूम असतो, पावसाळ्यात चिखल.

आपल्या भागात त्यात हंगामाची भर पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सिल्लोड, कन्नडकडे मका निघतो आणि निम्मा रस्ता वाळवणाला जातो. त्या दाण्यांवर पुढचा ब्रेक दाबून पाहू नका. त्याबद्दल शेतकऱ्यावर चिडण्यातही अर्थ नाही. खळे नसेल तर त्याने वाळवायचे कुठे? पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळी माती डांबरावर येते, ती साबणासारखी असते. थंडीत उसाच्या ट्रॉल्या असतात, मागचा दिवा नसलेल्या. अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा असे मी म्हणते त्याचे निम्मे कारण या ट्रॉल्या आहेत.

आकड्यांत सांगायचे तर, ताशी ६० च्या वेगाने कोरड्या डांबरावर, एक सेकंद प्रतिक्रियेचा धरून, गाडी थांबायला साधारण ३७ मीटर लागतात. पकड निम्मी झाली की ५७. वेग ४० वर आणा, त्याच निसरड्यावर २९ मीटर पुरतात. घाटातल्या वळणावर पुढचे किती दिसते याचा अंदाज घ्या आणि यातला कोणता आकडा त्यात बसतो ते पाहा. एबीएस आहे म्हणून निर्धास्त असणाऱ्यांसाठी : एबीएस चाक अडकू देत नाही, घसरणे टाळते. सुट्या खडीवर ते थांबण्याचे अंतर कमी करत नाही, उलट कधी वाढवते.

कोणता दिवस निवडाल?

श्रावणातल्या शुक्रवारी रात्री शहरातून हजारो भाविक खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी निघतात. शनिवारी पहाटे त्या रस्त्याने राइड काढणे म्हणजे चालणाऱ्यांच्या अंगावर हेडलाइट मारत जाणे. श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराची गर्दी. पावसाळी रविवारी दौलताबाद घाटात त्या जुन्या दरवाज्यापाशी दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की अर्धा दिवस तिथेच. हे दिवस सोडा, किंवा वायव्येऐवजी फुलंब्रीची दिशा धरा.

रस्त्यांचा स्वभावही बदलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये औट्रम घाटात न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना बंदी आली आणि ती वाहतूक देवगाव रंगारी, शिऊर बंगला, न्यायडोंगरीकडे वळली. तोवर निवांत म्हणून आवडणारा रस्ता ट्रकांचा झाला. याच घाटात ३१ ऑगस्ट २०२१ ला अतिवृष्टीने दरड कोसळून वाहतूक बंद पडली होती. जोराच्या पावसानंतर दोन-तीन दिवस कोणत्याही घाटाला द्यावेत. गौताळ्यात तर संध्याकाळी थांबूच नये. ते अभयारण्य आहे, बिबट्यांचे घर. मार्च २०२१ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यात वाघही दिसला, तो यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आला होता. त्याच्याइतके आडवाटेचे नियोजन आपल्यापैकी कुणालाच जमणार नाही.

आणि काही झालेच तर

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे. हेल्मेट नसलेले ५०,०२९, त्यात मागे बसलेले १४ हजारांहून जास्त. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत. तरीही रविवारी सकाळी पुढच्याच्या डोक्यावर चांगले हेल्मेट आणि मागे बसलेल्या मैत्रिणीच्या डोक्यावर ओढणी हे दृश्य दिसतेच. दुसरे हेल्मेट मिळत नसेल तर दुसरी सीट रिकामी ठेवा.

नियोजनात एक गोष्ट कुणीच लिहीत नाही : दवाखाना. घाटाच्या वर असाल तर सिल्लोड किंवा कन्नडचे रुग्णालय आणि मग आपली घाटी. पण सोयगाव-फर्दापूरला उतरलात की शहर शंभर किलोमीटर दूर, वर चढाचा रस्ता, आणि जळगाव साठेक किलोमीटरवर. जखमीला ‘आपल्या’ शहरात आणण्याच्या नादात तास जातो. १०८ ला फोन लागला तर जवळच्या दगडावरचे गाव आणि आकडा सांगा. दरीत नेटवर्क जाते, म्हणून घाट उतरण्याआधी घरी एक मेसेज टाका : कुठून उतरतोय, किती वाजेपर्यंत पलीकडे पोहोचू.

जून २०२४ मध्ये शूलिभंजनला रील करताना एक कार दरीत गेली आणि एका तरुणीचा जीव गेला. त्यानंतर चर्चा झाली ती रीलची आणि बंदीची. बंदीने एक ठिकाण बंद होते, गर्दी पुढच्या वळणावर जाते. मला त्याऐवजी घाट सुरू होण्याआधीच्या शेवटच्या फाट्यावर एक साधा फलक हवा आहे : पुढे किती किलोमीटर घाट, रस्ता एकेरी की दुहेरी, ओढ्यावर फरशी की पूल, जवळचे रुग्णालय कोणते. जिल्हा परिषद आणि बांधकाम विभागाला ही माहिती आजच ठाऊक आहे. ती रंगवायला एक दिवस लागेल.

सगळे घड्याळावर केले तर मजा काय, असे एका मित्राने विचारले. मजा हवी असेल तर अंतर कमी करा. पहिल्यांदाच निघणाऱ्याने वेताळवाडीचा फेरा धरूच नये. कन्नडपर्यंत जा, पितळखोऱ्याची लेणी पायऱ्या उतरून पाहा, दरीत तासभर बसा, दुपारी तीनला परत फिरा. वाटेत हंगाम असेल तर दौलताबादची सीताफळे घ्या. बॅगेत वर ठेवा, खाली ठेवलीत तर घरी रबडीच पोहोचते.